नोटीस कोणाच्या दारी?

वऱ्हाडातील व्यापारी घराण्यांना मुनीम, गुमास्ता आणि मुखत्यार हे शब्द नवे नाहीत. दूरच्या बाजारपेठेत पेढीचा माणूस बसे आणि त्याच्या हाती पडलेला निरोप हा पेढीलाच मिळालेला निरोप मानला जाई. दुकानाच्या सरकारी नोंदणीला महाराष्ट्रात आजही लोक सर्रास ‘गुमास्ता’ म्हणतात, त्यात त्या जुन्या माणसाची आठवण उरली आहे. मात्र तो गुमास्ता गादीवर बसणारा होता. आलेले पत्र तो उघडी, वाचून दाखवी आणि उत्तर काय द्यावे हे मालकाला विचारी.

आज वाशीम, कारंजा, रिसोड वा मंगरुळपीर येथील कित्येक लहान दुकानांचा असा माणूस म्हणजे करसल्लागार. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक आणि ईमेल देणे आवश्यक ठरले. ज्या दुकानदाराने कधी ईमेल उघडला नव्हता, त्याची अडचण सल्लागाराने आपलाच क्रमांक व आपलाच ईमेल घालून दूर केली. त्या वेळी ती सोयच वाटली. ही गोष्ट देशभर इतकी घडली की, 2018 साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाला तिची जाहीर दखल घ्यावी लागली. मध्यस्थांनी नोंदणीत स्वतःचे ईमेल व मोबाइल दिले असून आता ते खात्याची माहिती व्यापाऱ्यांना देत नाहीत, अशा तक्रारी येत असल्याचे मंत्रालयाने तेव्हा सांगितले.

प्रश्न केवळ पासवर्डचा नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 169 नुसार नोटीस बजावण्याचे अनेक मार्ग आहेत: प्रत्यक्ष हाती देणे, टपाल, नोंदणीवेळी दिलेला ईमेल आणि सरकारी पोर्टल. हाती देताना ती खुद्द मालकालाच दिली पाहिजे असेही नाही. त्याचा व्यवस्थापक, अधिकृत प्रतिनिधी वा त्याच्या वतीने हजर राहणारा करव्यावसायिक यांनाही देता येते. म्हणजे सल्लागाराच्या ईमेलवर पोहोचलेली नोटीस दुकानदाराने डोळ्यांनी पाहिली नसली, तरी कायद्याच्या हिशेबी ती त्याला मिळालेली असते. याउलट कलम 48 सांगते की, जीएसटी व्यावसायिकाने विवरणपत्र भरले तरी त्यातील मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यापाऱ्यावरच राहते. निरोप घेण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवता येते. उत्तरदायित्व तसे सोपवता येत नाही.

सल्लागाराला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. महिन्याचे ठरलेले शुल्क बहुधा विवरणपत्र भरण्याचे असते. पोर्टलवरील नोटिसा रोज पाहाव्यात, मुदत कळवावी, उत्तर द्यावे, हे कोणी ठरवलेले नसते. दुकानदार समजतो की सल्लागार पाहतो आहे, आणि सल्लागार समजतो की काही आले तर दुकानदार बोलेल. या दोन समजुतींच्या मध्ये मुदत निघून जाते. नोंदणी रद्द करण्याच्या नोटिशीला उत्तर देण्यास अवघे सात कामकाजाचे दिवस असतात; घरातील एका लग्नात ते संपतात. विवरणपत्रातील तफावतीबद्दल आलेल्या नोटिशीला उत्तर न गेल्यास पुढे करमागणीची नोटीस आणि मग व्यापाऱ्याच्या गैरहजेरीतच आदेश निघू शकतो. त्याविरुद्ध अपिलाची मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी एक महिना. बरोबर एक चातुर्मास! त्यापलीकडचा विलंब माफ करण्याची तरतूद त्या कलमात नाही. अपील करतानाही वादातील कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते. अशा वेळी पहिली खबर कधी कधी बँकेकडूनच येते, कारण थकबाकीच्या वसुलीसाठी विभाग थेट बँकेला कळवू शकतो. पोर्टलच्या कोपऱ्यातील ‘अतिरिक्त नोटिसा व आदेश’ या रकान्यात पडून राहिलेल्या नोटिसांबाबत मद्रास उच्च न्यायालयाने अनेक व्यापाऱ्यांना पुन्हा संधी दिली. पण बहुधा कराचा काही भाग आधी भरण्याच्या अटीवर. शिवाय उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च लहान पेढीला परवडतोच असे नाही.

हाच विषय आता दुसऱ्या वाटेनेही घरात शिरतो आहे. परदेशी शिकलेली मुले अमेरिकेत छोटी ‘एलएलसी’ काढतात आणि तेथे ‘रजिस्टर्ड एजंट’ नेमणे सक्तीचे असते. एजंटाचा त्या राज्यात प्रत्यक्ष पत्ता हवा आणि कंपनीच्या नावाचे समन्स व सरकारी कागद त्याने स्वीकारावेत, एवढीच अपेक्षा असते. डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन शहरात एक बैठी इमारत लाखो कंपन्यांचा असा पत्ता म्हणून जगभर गाजली आहे. वर्षाला ठरावीक डॉलर भरले की आपली कंपनी ‘सांभाळली’ जाते, असा समज मात्र महागात पडतो. डेलावेअरमध्ये एलएलसीचा 300 डॉलरचा वार्षिक कर 1 जूनपर्यंत भरावा लागतो आणि तो भरणे हे मालकाचे काम. एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीने आपल्या व मालकामधील व्यवहारांची माहिती देणारा केंद्रीय करविभागाचा 5472 क्रमांकाचा फॉर्म भरला नाही, तर दंड 25,000 डॉलरपासून सुरू होतो. साधी एजंटसेवा घेतली म्हणून तो फॉर्म आपोआप भरला जात नाही. थोडक्यात, एजंट कागद घेतो आणि पुढे पाठवतो. तो वाचून धावाधाव करणारा जुना मुनीम नव्हे.

भारतीय कायद्यात देशी कंपनीसाठी असा एजंट नाही. आपल्याकडे ती सक्ती परदेशी कंपनीवर आहे: येथे व्यवसाय थाटताना तिला भारतात राहणाऱ्या, नोटीस स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता नोंदवावा लागतो. देशी प्रायव्हेट कंपनीला स्थापनेपासून तीस दिवसांत नोंदणीकृत कार्यालय हवे आणि बाहेर पाटी हवी, तीही स्थानिक लिपीत. कार्यालय खरे नसल्याचा संशय आल्यास निबंधक प्रत्यक्ष तपासणी करू शकतात आणि त्यात काही आढळले तर कंपनीचे नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाई होऊ शकते. ‘व्हर्च्युअल ऑफिस’ भाड्याने घेणाऱ्या तरुणांनी किमान तेथे आलेले टपाल कोण उघडतो, एवढे तरी विचारून घ्यावे.

जीएसटीचे खाते आपल्या हाती आणणे मात्र तितके कठीण नाही. पोर्टलचा पासवर्ड जवळ असल्यास अधिकृत स्वाक्षरीदाराचा मोबाइल व ईमेल ऑनलाइन पडताळणी करून बदलता येतो. पासवर्ड सल्लागाराकडे असेल आणि तो मिळत नसेल, तर ओळखीची व व्यवसायाची कागदपत्रे घेऊन आपल्या अधिकारक्षेत्रातील जीएसटी अधिकाऱ्याकडे जावे. अधिकारी खातरजमा करून नवा मोबाइल क्रमांक व ईमेल नोंदवतो आणि तात्पुरता पासवर्ड त्या नव्या ईमेलवर येतो. तो ईमेल घरातल्या कोणाचा असावा, हे आधीच ठरवावे. दुकानात रोज बसणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा असला तर उत्तम. सल्लागाराला पोर्टलवर वेगळे अधिकृत करता येते. त्याचे काम थांबत नाही. नोटीस पाहून किती दिवसांत कळवायचे आणि त्याचे शुल्क काय, हे दिवाळीच्या वहीपूजनाआधी त्याच्याशी बोलून एका कागदावर लिहून घ्यावे.