लोकरीचे प्रवाळ आणि थरथरते हात

जर्मनीतील बाडेन-बाडेन या शहरात २०२२ साली फ्रीडर बुर्डा संग्रहालयाच्या दालनांत एक प्रवाळभित्ती उभी राहिली. प्रवाळ म्हणजे ज्याला आपण घरात पोवळे म्हणतो, तेच. ही सारी भित्ती क्रोशाच्या सुईने विणलेली होती. सुमारे ४,००० लोकांनी विणलेले ४०,००० हून अधिक नग एकत्र रचून तिची बेटे तयार करण्यात आली. विणणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि स्वतःला कलावंत म्हणवून घेण्याची सवय त्यांपैकी फारच थोड्यांना असावी.

मी वैद्यकीय व्यवसायातली. कलेची समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विणलेल्या समुद्राविषयी येथे लिहावेसे वाटते, कारण माझ्यापुढे रोज येऊन बसणाऱ्या वृद्धांच्या एका दुखण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की उठता उठता ते दुखणे हळूच बाहेर पडते : “आता माझे कोणाला काही काम उरलेले नाही, डॉक्टर.” सोबत आलेली सून किंवा लेक अवघडून म्हणते, “अहो आई, असे काय बोलता? तुम्ही आराम करा ना.” या आरामाचाच त्यांना कंटाळा आलेला असतो.

या उपक्रमाची सुरुवात २००५ साली लॉस एंजेलिसमधील एका घराच्या बैठकीच्या खोलीत झाली. मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थहाइम या जुळ्या बहिणी मूळच्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताच्या. मार्गारेट विज्ञानलेखिका, तर ख्रिस्टीन कवयित्री आणि अध्यापिका. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच ‘ग्रेट बॅरियर रीफ’ ही जगातील सर्वांत मोठी प्रवाळभित्ती आहे. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की पोवळ्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना सोडून जातात. रंग जातो, अन्नही जाते, आणि पोवळी पांढरीफटक पडतात. १९९८ आणि २००२ या दोन्ही वर्षी तेथे असे मोठे विरंजन झाले होते. या बहिणींनी हातात लोकर घेतली ती त्या काळजीपोटी. पुढे एकट्यादुकट्याने हे काम पुरे होणारे नाही असे दिसताच त्यांनी इतरांना बोलावणे धाडले. आज जगात सुमारे पन्नास ठिकाणी स्थानिक लोकांनी आपापली प्रवाळभित्ती विणलेली आहे. २०१०मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन निसर्गेतिहास संग्रहालयात आणि २०१९मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात हे काम मांडले गेले.

या विणकामाच्या मुळाशी गणित आहे, हे ऐकून आमच्या पिढीतील शिवणकाम-विणकाम शिकलेल्या स्त्रियांना गंमत वाटेल. ज्या पृष्ठभागाची कड मध्यापासून दूर जाता जाता बेसुमार वाढत जाते, त्याला गणिती अतिपरवलयी पृष्ठ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात या भूमितीचा शोध लागला. पण ती हातात धरून दाखवायची कशी, हा प्रश्न दीर्घकाळ राहिला. कागदी नमुने फाटत. १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डाइना ताइमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी क्रोशाची सुई घेतली आणि ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत नेला. कडेला चुण्या पडू लागल्या आणि तो नमुना विद्यार्थ्यांच्या हाती खेळू लागला. निसर्गात हेच रूप कोंबड्याच्या फुलाच्या तुऱ्यात दिसते, कुरळ्या पानांच्या भाजीत दिसते आणि पोवळ्यांत तर सर्वत्र दिसते.

आता वैद्यकाकडे वळते. येथे टाका चुकला तरी पोवळे बिघडत नाही. तीन टाक्यांनंतर वाढवायचे ते चारांनंतर वाढवले, तर चुणी थोडी निराळी पडते इतकेच, आणि खऱ्या पोवळ्यातही दोन फांद्या सारख्या नसतात. ताटावरचा रुमाल किंवा दाराचे तोरण विणताना एक खांब चुकला की सारी ओळ उसवावी लागते. ज्यांनी तरुणपणी निर्दोष विणकाम केले, त्यांना म्हातारपणी थरथरत्या हातांनी झालेले वेडेवाकडे काम पाहवत नाही. म्हणून त्या सुई कायमची ठेवून देतात. मला तर वाटते, दृष्टी आणि बोटे यांच्यापेक्षा हा संकोचच अधिक हात थांबवतो.

हात चालू राहण्याने बुद्धीला किती लाभ होतो, याविषयी अतिशयोक्ती नको. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,३२१ व्यक्तींची पाहणी करून २०११ साली प्रसिद्ध केली. विणकाम, शिवणकाम यांसारख्या हस्तकला करणाऱ्यांत स्मरणशक्तीची सौम्य उतरण कमी आढळली. पण ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच हस्तकला चालू ठेवत असतील, ही शक्यता अशा पाहणीत उरतेच. २०१४ साली डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याहून बोलका आहे. ६० ते ९० वर्षांच्या २२१ जणांपैकी काहींना कापडी गोधडीकाम, काहींना डिजिटल छायाचित्रण आणि काहींना दोन्ही शिकवण्यात आले. आठवड्याला सुमारे १५ तास, असे तीन महिने. दुसरे काही जण नुसतेच एकत्र जमून गप्पा, सहली करत होते. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची घटना लक्षात ठेवण्याची शक्ती सुधारली. ही सुधारणा छायाचित्रणात अधिक ठळक होती, हेही नमूद केले पाहिजे. सवयीचे काम सवयीने करण्यापेक्षा थोडे अडखळायला लावणारे काम मेंदूला जास्त खाद्य देते, असा त्याचा अर्थ मी घेते. ज्या आजींना क्रोशा येतो त्यांना विणलेले पोवळे अर्धे ओळखीचे आणि अर्धे नवे असते. अशी सांगड सहजी सापडत नाही.

हात दुखतात त्यांनी सुरुवातीलाच काही पथ्ये पाळावीत. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजलेला असेल तर बारीक सुई चिमटीत घट्ट धरणे हेच दुखण्याचे कारण होते. पाच-सहा मिलिमीटर जाडीची सुई आणि जाड लोकर घ्यावी. सुईच्या दांड्याला मऊ कापड किंवा फोम गुंडाळून तो जाड करावा. वीस मिनिटे झाली की काम खाली ठेवून उठावे, चार पावले चालावे. मोतिबिंदू असलेल्यांनी गडद लोकर टाळून फिक्या रंगाची घ्यावी आणि मांडीवर गडद कापड पसरावे. टाके वेगळे दिसतात. सकाळी बोटांचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, किंवा रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, तर विणण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

कंपाविषयी घरच्यांच्या मनात एक गोंधळ असतो. पार्किन्सनच्या आजारातील कंप बहुधा हात स्वस्थ असताना अधिक असतो आणि काम करू लागताच कमी होतो, त्यामुळे “हात थरथरतो, तुम्ही कशाला विणता?” हे म्हणणे घाईचे ठरते. दुसरा एक कंप मात्र काम करतानाच वाढतो. त्यांच्याकडून सुई काढून घेण्याऐवजी लोकरीचे गुंडे करणे, रंग निवडणे ही कामे द्यावीत.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींचे निराळे. हाताला मुरलेले कौशल्य नावे आणि तारखा विसरल्यावरही बराच काळ टिकते. जी आई नातवाला ओळखत नाही, ती सुई हातात दिल्यावर साखळी विणू लागते, असे मी पाहिले आहे. टाके मोजणे मात्र जमत नाही. मोजणी शुश्रूषा करणाऱ्याने आपल्याकडे घ्यावी, वाढवायच्या टाक्यात रंगीत दोरा अडकवून ठेवावा. बोथट सुई द्यावी, कात्री आपल्यापाशी ठेवावी. आणि कितीही मोह झाला तरी त्यांनी केलेले त्यांच्यादेखत उसवू नये!

घरी एकटीने विणणे आणि मोठ्या कामातला वाटा म्हणून विणणे यांत फरक आहे. करमणुकीसाठी हाती दिलेली वस्तू कोणासाठी आहे, हे वृद्धांना बरोबर समजते. नातवाला आता लोकरीची टोपी नको असते, आणि नकोशा टोपीचे आजीने काय करावे? सामूहिक रचनेत तिचा नग खरोखर हवा असतो. वर्थहाइम भगिनींच्या प्रदर्शनांत प्रत्येक सहभागी व्यक्तीचे नाव लिहिले जाते, याचे महत्त्व मला त्यातील गणिताहून कमी वाटत नाही. पुरुषांनीही यात मागे राहू नये. तारेच्या जाळीचा सांगाडा बांधणे, नगांची नोंदवही ठेवणे, मांडणीचा नकाशा काढणे, हे निवृत्त ओव्हरसियर किंवा बँक कर्मचाऱ्याचे काम आहे.

आपल्याकडे विषयाला तोटा नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, आणि तेथे पोवळी आहेत. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेली ‘आंग्रिया बँक’ ही पाण्याखालची प्रवाळभित्ती आहे. कोकणातल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाने वाढदिवस आणि व्याख्याने यांच्या जोडीला वर्षभर आंग्रिया विणायला घेतली, तर वाचनालयाच्या एका भिंतीपुरती ती सहज होईल.

एक इशारा मात्र देते. झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, मरणाची भाषा वारंवार येते आहे, अशी लक्षणे असतील तर ते नैराश्य असू शकते. तेथे लोकरीचा गुंडा पुरेसा नाही. उपचार लगेच सुरू व्हायला हवेत.

ज्यांना आजच करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी कृती अशी : वीस साखळ्या घालाव्यात. परतताना प्रत्येक साखळीत एक मुका खांब, पण दर तिसऱ्या साखळीत दोन. पुढची प्रत्येक ओळ याच नियमाने. पहिल्या दोन ओळींत काही विशेष घडल्यासारखे वाटणार नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीला कड वळू लागते, आणि सहाव्या ओळीत टाके शंभराच्या वर जातात. तेवढ्यात लोकर संपत आली, तर दुसऱ्या रंगाची जोडावी.