पेजेचा जवळा, पेल्याचा चखणा

जवळा भाजायला तेल लागत नाही. लोखंडी तवा, मंद आच आणि न थांबणारा हात, एवढ्यावर भागतं. मे महिना सरत आला होता. पूर्णगडला, मुचकुंदी समुद्राला मिळते त्या वस्तीत, एका काकींच्या चुलीपाशी मी बसलो होतो. पुढच्या ओटीवर त्यांच्या मुलाचे मित्र जमलेले, बाटली उघडायच्या बेतात. आत चखण्याची तयारी.

खरं काम तवा तापण्याआधीचं. जवळा इंच-दीड इंचाचा, दिसायला कोळंबीच्या पिल्लासारखा. किनाऱ्यावर उन्हात वाळवलेला, म्हणून त्यात रेती येते, शिंपल्याची कपची येते, चुकून एखादं माशाचं पिल्लूही येतं. काकींनी तो आधी चाळला, मग सुपात घेऊन पाखडला आणि उरलेला कचरा बोटांनी वेचला. भाजणं पाच मिनिटांचं. वेळ खातं ते निवडणं.

तव्यावर पडल्यावर आधी उग्र वास सुटतो. तो ओसरून खमंगपणा आला, चिमटीतला जवळा कुरकुरून मोडला, की तवा खाली. जरा उशीर झाला तर कडवटपणा येतो. मीठ चव घेऊनच घालायचं, कारण खारेपणा अंगचाच असतो. नंतर ओलं खोबरं, मिरची, कांदा आणि कोकमाचं आगळ. मी चिरलेल्या कांद्याची ताटली पुढे सरकवली, तशा काकी म्हणाल्या, ‘‘आत्ता नको. भायेर गिलास भरू देत.’’ कांद्याला पाणी सुटलं की जवळा मऊ पडतो. सकाळी पेजेबरोबर तो मऊ चालतो. पेल्याबरोबर मात्र दाताखाली वाजायला हवा. जिन्नस तेच, फक्त कालवण्याची वेळ बदलते आणि तोंडीलावण्याचा चखणा होतो.

असल्या घासाचा थाट स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रांतातल्या सान सेबास्तियानमध्ये पाहावा. तिथे बारच्या फळीवर बशा मांडलेल्या असतात. लोक उभ्या-उभ्या एखाददुसरा ‘पिंचो’ खातात, लहानसा पेला रिचवतात आणि पुढच्या बारकडे वळतात. त्यातला ‘हिल्दा’ सर्वात प्रसिद्ध: खारवलेला अँचोव्ही मासा, हिरवं ऑलिव्ह आणि लोणच्यातली लांब मिरची, एका काडीत ओवलेली. 1946 सालच्या रिटा हेवर्थच्या ‘गिल्डा’ (स्पॅनिश उच्चारात ‘हिल्दा’) चित्रपटावरून त्याचं नाव पडलं. नायिकेसारखाच खारा, हिरवा आणि तिखट, असं तिथले लोक सांगतात. अँचोव्ही आपल्याला अगदीच परका नाही. आपली मांदेली त्याच कुळातली.

हा हिल्दा काडीत ओवायला एक क्षण पुरतो. पण शेजारच्या कांताब्रिया प्रांतात, सांतोन्यासारख्या बंदरात, त्यातला मासा कित्येक महिने मिठात दाबून मुरवलेला असतो. मग कारखान्यांत, बहुतेक बायकाच, एकेका माशाची साल घासून काढतात, काटे वेचतात आणि फाका तेलात भरतात. म्हणजे तिथेही पिणाऱ्याच्या आधी बाईची बोटं राबलेली असतात. फरक इतकाच की तिथे त्याला मजुरी आहे, आणि संध्याकाळी त्याच फळीपाशी बायकाही हातात पेला घेऊन उभ्या असतात. इथे चखणा करणारी ओटीवर येत नाही. ताटली दारापर्यंत जाते, पुढे मुलगा नेतो.

म्हणून काकींना त्या बैठकीत काही सत्ता नाही असं समजू नये. जवळ्याचा डबा त्यांच्या ताब्यात असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मीळ झाली की सुका जवळा आणि खारा बांगडा यांवरच घरचं कालवण निभवायचं. ओटीवर गेलेली प्रत्येक मूठ आषाढातल्या कुठल्या तरी जेवणातून वजा होते, आणि ही वजाबाकी फक्त त्यांनाच ठाऊक असते.

ताटली जाऊन फार वेळ झाला नसेल, बाहेरून हाक आली, ‘‘आये, अजून हाय काय?’’

काकींनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. ‘‘काजू भाजून देतंय. जवळा पावसाचा हाय.’’

ओटीवरून कुणी हुज्जत घातली नाही.