विहिरीकाठचे ज्ञान

कीर्तनात पूर्वरंगी सिद्धान्त मांडावयाचा आणि उत्तररंगी आख्यान लावून तो श्रोत्यांच्या गळी उतरवावयाचा, हे वाचकांस ठाऊक आहेच. नाताळच्या निमित्ताने योहानकृत शुभवर्तमान पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्याचे तिसरे व चौथे अध्याय आम्हांस अशाच जोडीचे वाटले. तिसऱ्यात निकदेम नावाचा शास्त्री येशूकडे रात्री येतो, प्रश्न करतो आणि बुचकळ्यात पडतो. चौथ्यात भर दुपारी विहिरीवर आलेली एक शोमरोनी स्त्री भेटते. पाच नवरे होऊन गेलेली, यहुद्यांनी संबंध वर्ज्य मानलेल्या लोकांतली. येशू तिच्याकडे पाणी मागतो. आणि उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात, या वादापलीकडचे ज्ञान तिलाच सांगतो. आमच्या उपनिषदांत शिष्य समिधा घेऊन गुरूकडे जातो. येथे गुरूच तहानेला होऊन आला आहे!

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यास वळण दिले ते याच अध्यायाने. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. पुराणे सांगत आईवडिलांसमवेत देशभर पायी हिंडलेली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन तिचा गौरव केला. पुढे १८८३ साली रमाबाई विलायतेस गेल्या. तेथे फुलहॅम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना सावरणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे कार्य त्यांनी पाहिले. हे कशाच्या बळावर चालते, असे विचारता एका भगिनीने त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या घर सोडून गेल्या याचे शल्य आमच्या परंपरेस आहे. ते आम्ही लपवीत नाही. पण सारी शास्त्रे मुखोद्गत असलेल्या विदुषीस ही करुणा इतक्या दूर जाऊन का पाहावी लागली, या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नाही.

बाप्तिस्म्याने तरी काम संपले काय? सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपण धर्म बुद्धीने पत्करला, ख्रिस्त मात्र भेटलेला नाही. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी हे निःसंकोच सांगितले आहे. पौलाने करिंथकरांस ज्ञान व प्रीती यांचे तारतम्य सांगून पारडे प्रीतीकडे झुकविले, ते त्यांनी आधी वाचले नसेल असे थोडेच! वाचणे निराळे.

म्हणून त्यांनी पांडित्य टाकले, असे मात्र कोणी समजू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या अनाथ मुलींना त्यांनी आसरा दिला, केडगावचे ‘मुक्ती’ उभारले. आणि अशा साध्यासुध्या बायकांना वाचता यावे म्हणून उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांशी झुंजत बायबल मराठीत आणावयास घेतले. १९२२ साली देह ठेवीपर्यंत तोच ध्यास. त्यांत त्यांनी संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. पाठशाळेत घडलेल्या आमच्या कानांस ती मराठी खडबडीत लागते, हे कबूल केले पाहिजे.

मात्र ती वाचताना एक जुना प्रसंग आठवतो. कीर्तन आटोपून आम्ही वीणा उतरवीत होतो. एक वृद्ध विधवा पुढे आली, म्हणाली, “बुवा, शेवटचं तेवढं समजलं नाही.” आम्ही तिला आणखी एक श्लोक ऐकविला. तिने हात जोडले आणि ती गेली.