माझगावची दीडशे वर्षांची शाळा

मुंबईच्या माझगाव भागात सर एली कदूरी यांच्या नावाची एक शाळा आहे. कोकणातून मुंबईत येऊन स्थिरावलेल्या बेने इस्राएल समाजाने, म्हणजेच मराठी भाषक ज्यू बांधवांनी, १८७५ मध्ये ती प्राथमिक शाळा म्हणून सुरू केली. २०२५ मध्ये तिच्या स्थापनेस दीडशे वर्षे झाली. या काळात ज्या समाजाने ती काढली, त्यातील बहुसंख्य कुटुंबे परदेशी स्थायिक झाली. शाळा मात्र आपल्या जागी उभी राहिली. आज तिच्या वर्गांत बसणारी मुले प्रामुख्याने अन्य धर्मीयांची आहेत.

संख्येने अल्प असलेल्या समाजाने स्वतःच्या मुलांसाठी काढलेली शाळा सर्वांची कशी होते, याचा हा बोलका दाखला आहे. मालेगावसारख्या ज्या गावांत अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांवर शिक्षणाचा मोठा भार आहे, तेथील शिक्षक व संस्थाचालक यांनाही तो विचारात घेण्याजोगा वाटेल.

घाण्यापासून शाळेपर्यंत

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले आणि कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गावोगावी पांगले. तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. भाषा मराठी, पोशाख कोकणी आणि सणांची नावेही मराठीच. नववर्षाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत; प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस दारे लावून घरात पाळला जाई, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’ झाला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कुटुंबे मुंबईकडे येऊ लागली. काहींनी कंपनी सरकारच्या पलटणींत नोकरी धरली, काही सुतारकाम व बांधकामात शिरले. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले. परंतु प्रार्थनेची भाषा हिब्रू आणि ती जाणणारे समाजात अत्यल्प, अशी स्थिती होती. धर्म पाळला जात होता, पण त्याचे ग्रंथ वाचता येत नव्हते.

मिशनरी शाळांनी दिलेले शिक्षण आणि निर्माण झालेली चिंता

या समाजाच्या आधुनिक शिक्षणाचा आरंभ मिशनऱ्यांच्या शाळांतून झाला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले व त्यांनी मराठी शाळा काढल्या. बेने इस्राएल मुले या शाळांत शिकू लागली आणि काही बेने इस्राएल तरुण तेथे शिक्षक म्हणूनही काम करू लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. ज्या मुलांना आपल्या धर्मग्रंथांची भाषा परकी झाली होती, त्यांना ती मातृभाषेच्या द्वारे शिकण्याची सोय त्यामुळे झाली.

या उपकाराबरोबर एक चिंताही आली. शाळा मिशनऱ्यांची असल्याने धर्मशिक्षण त्यांच्या मताचे होते. मुलांना शाळेत पाठवावे तर धर्म दुरावण्याचे भय, न पाठवावे तर अज्ञान कायम, असा पेच पालकांपुढे उभा राहिला. शाळेवर बहिष्कार टाकणे हा त्यावरील एक मार्ग होता. समाजातील जाणत्या मंडळींनी तो पत्करला नाही. आपणच शाळा काढावी, असे त्यांनी ठरविले.

केहिमकर बंधूंची शाळा

या कार्यात हाईम सॅम्युअल केहिमकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८३० चा. शिक्षणप्रसारासाठी १८५३ मध्ये स्थापन झालेल्या समाजाच्या हितकारी संस्थेच्या संस्थापकांत ते होते. १८७५ मध्ये त्यांनी आपल्या बंधूंच्या साह्याने ‘इस्राएलाइट स्कूल’ ही प्राथमिक शाळा सुरू केली. तीत इंग्रजीच्या शिक्षणाबरोबर हिब्रूचीही सोय करण्यात आली. मराठी ही तर मुलांची घरचीच भाषा होती.

या योजनेमागील दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे. मराठीमुळे मूल घराशी व शेजाराशी जोडलेले राही. इंग्रजीमुळे त्यास सरकारी कचेऱ्या, रेल्वे व टपाल खात्यातील नोकरीचे दार उघडे होई. हिब्रूमुळे प्रार्थनामंदिरात म्हटले जाणारे शब्द त्यास समजू लागत. यांपैकी एकही भाषा दुसरीच्या आड येऊ दिली गेली नाही.

शाळेच्या आधारास मराठी ग्रंथरचनाही उभी राहत होती. हिब्रूचे पंडित जोसेफ यहेज्केल राजपूरकर हे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शिक्षणसंस्थेत अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. त्यांनी सुमारे वीस प्रार्थनाग्रंथ व धर्मग्रंथ मराठीत आणले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची पोथी मराठी भाषांतरासह व चित्रांसह पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने करण्याची प्रथाही समाजात सुरू झाली. शाळेत जे शिकविले जाई ते घरी व सभेत पुन्हा कानी पडे. प्राथमिक शिक्षण टिकण्यास याहून अधिक उपयुक्त असे काही नाही.

समाज लहान व साधारण परिस्थितीचा असल्याने पैशाची अडचण कायम होती. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने पुढे शाळेस अर्थसाह्य दिले. त्या बळावर १८९२ मध्ये प्राथमिक शाळेचे रूपांतर हायस्कुलात झाले. १९३० च्या दशकात बगदादमध्ये जन्मलेले व हाँगकाँग-शांघाय येथे व्यापार करणारे दानशूर उद्योगपती सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेस त्यांचे नाव देण्यात आले. केहिमकरांनी शाळेबरोबर समाजाचा इतिहासही सिद्ध केला. १८९७ मध्ये लिहून झालेला हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

अठ्ठावीस वर्षांच्या मुख्याध्यापिका

शाळेच्या उत्कर्षाचा मोठा कालखंड रिबेका रूबेन यांच्या नावाशी निगडित आहे. पुण्याच्या हुजूरपागा शाळेच्या या विद्यार्थिनीने १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत प्रथम क्रमांक मिळविला. मुलीने हे स्थान मिळविणे ही त्या काळी अपूर्व घटना होती. इंग्लंडमध्ये शिक्षणशास्त्राचे अध्ययन करून परतल्यावर त्यांनी १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. शालेय इंग्रजी वाचनमालेचे लेखनही त्यांनी केले. ज्या काळी बहुतेक समाजांत मुलींना शाळेत पाठविण्याविषयी वाद चालू होते, त्या काळी एका लहान समाजाने आपली प्रमुख शिक्षणसंस्था एका स्त्रीच्या हाती सोपविली, ही गोष्ट शाळेच्या कोणत्याही इमारतीपेक्षा मोलाची मानली पाहिजे.

समाज गेला, शाळा राहिली

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत बेने इस्राएलांची बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथेही त्यांनी मराठीशी नाते राखले. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले. इकडे मात्र समाजाची संख्या झपाट्याने घटली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ज्यूंची संख्या सुमारे अडीच हजार भरली.

शाळेच्या दृष्टीने हा कसोटीचा प्रसंग होता. ज्यांच्यासाठी शाळा काढली तीच मुले उरली नाहीत, तर दार बंद करावे की शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी ते उघडे ठेवावे? माझगावच्या शाळेने दुसरा मार्ग स्वीकारला. भायखळ्यास मागेन डेव्हिड या प्रार्थनामंदिराच्या आवारात ससून घराण्याच्या नावाच्या ज्या शाळा आहेत, त्यांनीही तेच केले. बगदादी ज्यूंच्या मुलांसाठी निघालेल्या या शाळांतील विद्यार्थी आज बहुतांशी मुसलमान आहेत. मंदिराच्या छायेत दुसऱ्या धर्माची मुले रोज पाटी-पुस्तक घेऊन येतात आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. या शाळांची अलीकडील काळातील सर्वांत मोठी कामगिरी हीच म्हणावी लागेल.

जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजास धार्मिक अल्पसंख्याक समाजाचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. संविधानाच्या अनुच्छेद ३० अन्वये अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. त्याचबरोबर, शासकीय निधीतून साह्य घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणांवरून कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही, असे अनुच्छेद २९ सांगतो. आपले ते जपण्याचा हक्क आणि दुसऱ्यास सामावून घेण्याचे कर्तव्य या दोन्ही गोष्टी संविधानाने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्या परस्परविरोधी नाहीत, हे या शाळांनी प्रत्यक्ष दाखविले आहे.

मालेगावसाठी काही विचार

मोसम व गिरणा या नद्यांच्या काठचे मालेगाव हे विणकरांचे गाव. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे येथे आली व त्यांनी हातमाग आणले. पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. तेल्यांचा समाज घाणा सोडून शाळेकडे वळला, तशीच वाट मागावर बसणाऱ्या कुटुंबातील मुलांपुढेही आहे. मालेगावच्या उर्दू शाळेतील मूल अलिफपासून उजवीकडून डावीकडे लिहिते आणि त्याच दिवशी मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडे. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतील बेने इस्राएल मूलही अलेफपासून हिब्रू असेच उलट बाजूने गिरवीत होते. दोन लिप्या हे त्याच्यावर ओझे ठरले नाही, कारण दोन्ही नीट शिकविल्या गेल्या.

म्हणून माझगावच्या शाळेपासून घेण्यासारखे ते तीन गोष्टींत सांगता येईल. धर्माची वा घरची भाषा शिकविताना राज्याची भाषा व व्यवहाराची भाषा दुर्बल राहता कामा नये. मुलींचे शिक्षण व स्त्रियांचे नेतृत्व यांना शाळेत पहिल्यापासून स्थान असले पाहिजे. आणि आपल्या समाजासाठी काढलेल्या शाळेचे दार शेजाऱ्याच्या मुलासाठीही उघडे असले पाहिजे. पंचायत सदस्य, शिक्षक व शिक्षण विभागाचे अधिकारी यांनी आपल्या भागातील प्रत्येक शाळेबाबत हे तीन प्रश्न विचारून पाहावेत. शाळा काढणारे हात बदलतात, वस्ती बदलते, पटावरील नावे बदलतात. या बदलांतून जी शाळा शिकविण्याचे काम खंड न पडू देता चालविते, ती तिच्या संस्थापकांचे ऋण खऱ्या अर्थाने फेडते.