दानाचा ताळेबंद मांडणारा प्राध्यापक

व्यापारी कुटुंबात दुकानाचा हिशेब रोज संध्याकाळी लागतो. दानधर्माचा हिशेब मात्र बहुधा पावतीपाशी संपतो. रक्कम दिली, पावती घेतली, फलकावर नाव लागले. त्या रकमेने किती गरज भागली आणि किती उरली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हाच प्रश्न विचारण्यात अमेरिकेतील एका प्राध्यापकाने उभे आयुष्य वेचले. त्यांचे नाव लेस्टर सॅलमन.

१९४३ मध्ये जन्मलेल्या सॅलमन यांनी प्रिन्स्टन येथे शिक्षण घेतले व हार्वर्ड विद्यापीठातून पीएच.डी. संपादन केली. काही वर्षे अध्यापन केल्यानंतर, जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना, ते केंद्र सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयात अधिकारपदावर रुजू झाले. सरकारी पैसा कोणत्या वाटांनी जातो, हे तेथे त्यांना आतून पाहता आले. रुग्णसेवा, वृद्धांची शुश्रूषा, बालसंगोपन अशा अनेक कामांसाठी पैसा सरकारचा असे. प्रत्यक्ष काम मात्र पुष्कळदा ना-नफा संस्था करीत.

१९८१ मध्ये रोनाल्ड रेगन सत्तेवर आले. समाजकल्याणावरील सरकारी खर्चात कपात करावी, उणीव दानशूर नागरिक भरून काढतील, असा विचार त्या वेळी मांडला गेला. वॉशिंग्टन येथील अर्बन इन्स्टिट्यूटमध्ये सॅलमन यांनी सहकाऱ्यांसह या संस्थांची जमाखर्चाची बाजू तपासली. निष्कर्ष अनपेक्षित होता. या संस्थांना सर्व खासगी देणग्यांपेक्षा अधिक पैसा सरकारकडूनच मिळत होता. म्हणजे सरकारने हात आखडता घेतला, तर गरजूंची संख्या वाढणार आणि त्याच वेळी त्यांना आधार देणाऱ्या संस्थांचे उत्पन्न घटणार. सदिच्छेने मांडलेले गणित हिशेबात चुकत होते.

१९८७ मध्ये ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी सेवाभावी कार्याच्या चार मर्यादा दाखवल्या. पहिली, देणग्यांचा ओघ अपुरा व अनिश्चित असतो. मंदीत गरज वाढते आणि नेमकी तेव्हाच देणगी आटते. दुसरी, मदत आपल्या गटाकडे, आपल्या ओळखीच्यांकडे वळते. ज्यांचा कोणी वाली नाही ते वंचितच राहतात. तिसरी, काय करायचे हे गरजू नव्हे, देणारा ठरवतो. चौथी, कळकळ असते, परंतु प्रशिक्षित माणसे नसतात.

समाजाच्या विश्वस्त संस्थांशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना या चारही गोष्टी अपरिचित वाटू नयेत. सॅलमन यांचा उद्देश मात्र दानाला कमी लेखण्याचा नव्हता. सरकारजवळ कररूपाने येणारा नियमित पैसा आहे, पण त्याचा कारभार एकसाची. संस्था माणसांच्या जवळ आहेत, पण त्यांचे हात तोकडे. एकाची उणीव दुसऱ्याच्या बळाने भरून निघते, म्हणून दोघांनी प्रतिस्पर्धी न होता भागीदार व्हावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे त्यांनी देशोदेशींच्या अशा संस्थांची एकाच पद्धतीने मोजणी करण्याचे काम हाती घेतले. ते चाळीसहून अधिक देशांत पसरले. भारतही त्यात होता. तीसहून अधिक देशांच्या आकडेवारीत असे दिसले की, या संस्थांच्या उत्पन्नातील निम्म्याहून अधिक वाटा शुल्काचा, सुमारे एक तृतीयांश सरकारचा, आणि खासगी देणग्यांचा केवळ १२ टक्क्यांच्या आसपास होता. या अभ्यासाच्या आधारे संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये ना-नफा संस्थांच्या गणनेसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली.

भारताच्या सांख्यिकी मंत्रालयाने याच चौकटीत पाहणी करून २०१२ मध्ये अहवाल दिला. दप्तरी सुमारे ३१.७ लाख संस्था नोंदलेल्या होत्या. प्रत्यक्ष शोधात त्यांपैकी सुमारे ७ लाखांचाच माग लागला. प्रत्येक नोंदणीमागे कधीतरी कोणाचा तरी सद्भाव होता. तो टिकवण्यासाठी लागणारी व्यवस्था मात्र अनेक ठिकाणी उभी राहिली नसावी.

ऑगस्ट २०२१ मध्ये सॅलमन यांचे निधन झाले. आज ना-नफा संस्थांचे व्यवस्थापन हा विद्यापीठांतून शिकवला जाणारा विषय आहे. व्यापारी घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने तो निवडण्याची इच्छा व्यक्त केली, तर ‘त्यात कमाई काय?’ एवढेच विचारून थांबू नये. पिढ्यान्‌पिढ्या साठवलेला धर्मादाय निधी सांभाळणारी जाणती माणसे घरातूनच घडली, तर ती कमाई लहान नव्हे. तोवर विश्वस्तांच्या पुढील वार्षिक सभेत ताळेबंद वाचून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा : ज्यांच्यासाठी हा निधी आहे, त्यांपैकी किती जणांपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही?