एका पानाचा बंदोबस्त

सन २००२ च्या उन्हाळ्यात, ज्या दिवसांत चंद्रपूरचा शहाणा माणूस दुपारी बारानंतर उंबरठा ओलांडीत नाही त्या दिवसांत, माझा भाचा घामाने निथळत आला आणि हातातला छापील कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर असलेल्या गावांच्या मिसली लिहिल्या, आता एक नसलेला मुलूख लिहून द्या." मोजणीखात्यातून निवृत्त होऊन मला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, आणि दफ्तराची सवय सुटलेल्या कारकुनाला असे आवाहन किती मोहक वाटते, हे ज्याने दफ्तर केले आहे त्यालाच कळेल.

कागद अमेरिकेतील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जाहीर केलेल्या स्पर्धेचा होता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. त्यात चारपाच गडी आपापले पात्र घेऊन बसतात, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो आणि 'आता तू काय करतोस?' असे विचारतो, आणि साहस फळते की फसते याचा निवाडा फासे करतात. वडसा-देसाईगंजच्या बाजूला शंकरपटाच्या रात्री उजाडेपर्यंत नाटक पाहिलेल्या, दंडारीत ऐनवेळी रचलेले संवाद ऐकलेल्या झाडीपट्टीच्या माणसाला हा प्रकार समजावून सांगण्यास फार कष्ट पडत नाहीत. मला तरी पडले नाहीत. अशा खेळाला वावरण्यासाठी एक कल्पित जग लागते, आणि कंपनीला ते नवे, कोरे, कोणीही न पाहिलेले हवे होते. पहिल्या फेरीत एकच पान पाठवायचे होते. त्या पानात नायक कोण, ते करतात काय, त्यांना विरोध कोणाचा, त्या जगातली जादू कोणत्या स्वभावाची आणि यात नवे ते काय, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मागितली होती.

मी कल्पना करण्याच्या भानगडीत पडलोच नाही. चांदा, म्हणजे आमचे जुने चंद्रपूर, उचलला आणि कागदावर ठेवला. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीस गेला असता झरपटीच्या पाण्याने त्याच्या अंगावरचे व्रण भरून आले, तेथेच एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना त्याला दिसला, आणि राणीच्या सल्ल्याने ज्या वाटेने ही उलटी शिकार धावली त्या वाटेवर नगराचा तट आखला गेला, ही आख्यायिका मी पहिल्या चार ओळींत बसविली. मग त्या तटाचे दरवाजे आले: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर, आणि त्यांच्या मधल्या पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. (ज्या नगराने आपल्या तटाला चोरखिडकी ठेवली आणि तिला तेच नाव उघडपणे दिले, त्या नगराच्या राज्यकारभाराविषयी मला लहानपणापासून आदर आहे.) दरवाजांवरचा हत्तीला नमविणारा सिंह मी राजचिन्ह म्हणून घेतला, अबुल फजलाने 'आईने अकबरी'त नोंदलेली वैरागडची हिऱ्यांची खाण घेतली, मार्कंड्याला वैनगंगा क्षणभर उत्तरेकडे वळते ते वळण घेतले, आणि गोंडांची चार, पाच, सहा व सात देवांची कुळे घेतली, ज्यांत समान संख्येच्या देवांचे लोक परस्परांत सोयरीक करीत नाहीत. पान भरले. भाच्याने ते इंग्रजीत उतरविले आणि मुदतीच्या आत रवाना केले.

उत्तर आले नाही. सुमारे अकरा हजार पानांपैकी अकरा निवडली गेली, त्या अकरांकडून दहा-दहा पानांचे विस्तार मागविले गेले, त्यांतून तिघे उरले आणि त्या तिघांनी शंभराहून अधिक पानांचे ग्रंथ लिहिले; बाकीच्यांनी निकालावरून काय ते समजावयाचे होते. तेव्हा मी तो विषय जिल्ह्याच्या मागासलेपणाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो. आपल्या भागातली माणसे बहुतेक पराभव त्याच खात्यावर टाकतात.

खरे कारण मला दोन वर्षांनी, म्हणजे २००४ मध्ये विजेत्याचा ग्रंथ छापून आला आणि भाच्याने तो नागपूरहून मिळविला, तेव्हा कळले. विजेता होता कीथ बेकर आणि त्याच्या जगाचे नाव एबेरॉन. तो ग्रंथ चाळताना मला पदोपदी मेजर लुसी स्मिथ या सेटलमेंट अधिकाऱ्याची आठवण होत होती. त्याने १८६९ च्या सुमारास चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला आणि त्यात गोंड राजांच्या वंशावळीपासून जमीनदाऱ्यांपर्यंत प्रत्येक गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे, हे टिपून ठेवले. बेकरने हेच केले होते. एका राज्याची पाच राष्ट्रे झाली, ती शतकभर लढली आणि तह होऊन दोनच वर्षे लोटली आहेत. जादू तिथे चमत्कार नसून धंदा आहे, तिच्यावर आगगाड्या धावतात, आणि जन्मजात खुणा असलेल्या घराण्यांनी त्या धंद्याचे मक्ते वाटून घेतले आहेत. शिवाय, पाचांपैकी एक राष्ट्र एका दिवसात भस्म झाले ते कोणामुळे, या प्रश्नाचे उत्तर त्याने बुद्ध्याच दिलेले नाही. ते प्रत्येक सूत्रधाराने आपापल्या बैठकीत ठरवावयाचे. मी तीस वर्षे वादग्रस्त मिसलींच्या सहवासात काढली, आणि माझ्या पानावर एकही वाद शिल्लक ठेवला नाही! 'नायक काय करतात?' या प्रश्नाला मी उत्तर लिहिले होते, 'ते या भूमीची यात्रा करतात.' यात्रा करणाऱ्याला फासे कशाला हवेत?

वैरागडच्या हिऱ्यावर राजाचा हक्क की ज्या कुळाच्या देवाने ती टेकडी राखली त्या कुळाचा. चोरखिडकीची किल्ली कोणाकडे. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी राज्य घेतले तेव्हा आतून दार कोणी उघडले असते तर काय झाले असते. इतके लिहिले असते तरी पान जिवंत झाले असते.

आणखी एक बाब मला फार उशिरा सुचली आणि ती मला अधिक गंभीर वाटते. अंतिम तिघांच्या ग्रंथांवरचे सर्व हक्क कंपनीकडे गेले. त्या तिघांत रिच बर्लू हा पुढे चित्रकथांमुळे नावाजलेला लेखकही होता, आणि त्याचे ते जग त्याला स्वतःलाही आजतागायत प्रसिद्ध करता आलेले नाही. योगायोग असा की ज्या १९७४ मध्ये हा खेळ जन्मला, त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाबाईंकडून लिहवून घेऊन, 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि पहिले पारितोषिक मिळविले. तिथे लेखकाने आपले नाव खुशीने झाकले आणि निकालानंतर परत घेतले. चार ते सात देवांची व्यवस्था लावून देणाऱ्या लिंगोची कथा मी कोणाच्या नावाने पाठविली होती? माझ्या. ती माझी नव्हती. मेंढा-लेखा या गोंड गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळण्यास २००९ साल उजाडले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास २०११. बांबूचे निदान माप निघते, कथेचा सातबारा कोणत्याही तलाठ्याकडे नाही. माझे पान निवडले गेले असते, तर गोटुलात सांगितली जाणारी गोष्ट मी एका सहीने परदेशी दफ्तरात खारीज-दाखल करून मोकळा झालो असतो, आणि तेही बक्षिसाच्या आनंदात.

म्हणून अलीकडे भाच्याने तो जुना कागद ट्रंकेतून काढून आपल्या मित्रांसाठी नव्याने बैठक बसविण्याचा घाट घातला, तेव्हा मी कुळांचा भाग त्याच्याकडून वगळून घेतला आणि त्या जागी तीन तंटे लिहून दिले. पाच मुले जमली. जटपुऱ्यावर पहारा ढिला आहे, असे सूत्रधाराने दोनदा सुचवूनही, पहिल्याच रात्री ती पाचही जणे चोरखिडकीने आत शिरली.