उत्तरांतील उणें चिन्ह

भिंगाचें सूत्र दहावीच्या मुलांना अवघड वाटतें, तें गणितामुळें नव्हे, चिन्हांमुळें. चंद्रपुरांत माझ्याकडे शंका विचारावयास येणाऱ्या एका मुलीची हकीकत सांगतों.

प्रथम आम्हीं तिच्या बहिर्वक्र भिंगाचें नाभीय अंतर काढलें. जटपुरा दरवाज्यासमोरील एका अंधाऱ्या दुकानांत उभे राहिलों. (उन्हांत कागदावर कांहींच दिसत नाहीं.) गोंडकालीन परकोटाची ती कमान भिंगामागच्या कागदावर उलटी, चिमुकली उमटली. दूरच्या वस्तूची प्रतिमा नाभीपाशींच पडते. भिंगापासून कागद 10 सेंटिमीटरवर होता, तेंच नाभीय अंतर.

अंतरें भिंगापासून मोजावयाचीं. प्रकाश पुढें जातो त्या बाजूचीं अधिक, उलट बाजूचीं उणें. प्रतिमेच्या अंतराच्या व्यस्तांकांतून वस्तूच्या अंतराचा व्यस्तांक वजा केला कीं नाभीय अंतराचा व्यस्तांक येतो. मेणबत्ती 15 सेंटिमीटरवर ठेवली, म्हणजे उणें 15. एक दशांशांतून एक पंधरांश गेला, एक तिसांश उरला. अधिक 30 वर कागद धरतांच ज्योत उलटी, दुप्पट दिसली.

मग सागाचें पान 6 सेंटिमीटरवर धरलें. उत्तर आलें उणें 15. मुलीनें उणें चिन्ह खोडलें आणि पलीकडे 15 सेंटिमीटरवर कागद धरून बसली! कांहीं उमटेना. मीं म्हटलें, "बाळ, कागद ठेव, भिंगांतून पाहा." पानाच्या शिरा सुलट, अडीचपट दिसल्या. प्रतिमा पानाच्याच बाजूस, पानाच्याहि मागें होती. चिन्ह तेंच सांगत होतें.

सुट्टींत ती गडचिरोलीकडे आजीकडे गेली. उतारवयांत डोळ्यांतील भिंग ताठरतें, जवळच्या वस्तूसाठीं फुगत नाहीं. आजी सुई 50 सेंटिमीटरवर धरी. सुई 25 वर दिसावयास चष्मा कोणता? त्यानें 25 वरील सुईची प्रतिमा 50 वर, सुईच्याच बाजूस पाडली पाहिजे. म्हणजे दोन्ही अंतरें उणें. एक पंचविसांशांतून एक पन्नासांश वजा करून नाभीय अंतर 50 सेंटिमीटर आलें. मीटरांत तें अर्धा. त्याचा व्यस्तांक 2, हाच नंबर. डॉक्टरांकडे तपासणी झाली, ती वेगळी. नंबर त्यांनींच ठरवावयाचा. परंतु प्रतिमेचें उणें चिन्ह खोडलें असतें, तर उत्तर 6 आलें असतें, आणि तसला चष्मा लावून आजीला सुई नाकापासून वीतभरहि दूर धरतां आली नसती.